चौथ्या रांगेतली कडेची जागा

आमच्या सोसायटीच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, एक तांबडं कुत्रं झोपायचं. ते कुणाचंच नव्हतं, त्यामुळे सगळेच त्याच्यावर हक्कानं ओरडायचे. येणाराजाणारा त्याला हाड करायचा, कुणी चपलेनं ढोसायचा, आणि तेही फारसं मनावर न घेता दोन पायऱ्या खाली सरकायचं. भालेराव काका मात्र हातात भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभे राहायचे. कुत्र्याची झोप पुरी होईपर्यंत. एकदा मी वरून खाली येत होते, तर काका कठड्याला टेकलेले, पिशवीतली मेथी मान टाकून बसलेली आणि कुत्रं सुखात आडवं.

"काका, हाड म्हणा की त्याला."

"असू द्या मॅडम. आधी आलंय ते."

माझा स्वभाव थोडा फटकळ आहे. मी कुत्र्याला उठवलं, काकांना वाट करून दिली आणि मनात म्हटलं, एवढं मोठं आयुष्य काढलं या माणसानं, पण एका कुत्र्याला 'ऊठ' म्हणता येत नाही. हे वाक्य माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

विश्रांतवाडीतल्या या सोसायटीत मी राहायला आले तेव्हा काका निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. उंच, ताठ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि भांग असा की पट्टी लावून पाडल्यासारखा. ते विमान कंपनीत परसर होते. म्हणजे विमानातल्या सेवकवर्गाचे प्रमुख. त्यांच्या आळीतून विमानात बसलेला पहिला माणूस तेच, आणि तोही ट्रे घेऊन, असं ते स्वतःच सांगायचे. नोकरी संपली तरी सवयी संपल्या नव्हत्या. ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. "आपण उद्या अर्धा लिटर जास्त द्याल का?" असं विचारल्यावर दूधवाला दर वेळी मागं वळून बघायचा, की हे कुणाशी बोलताहेत. कपाटाचं दार लावलं की तळव्यानं दाबायचे आणि मग दोन बोटांनी ओढून बघायचे. कुणाच्याही घरून निघताना एकदा वळून खुर्चीवर, खुर्चीखाली नजर टाकायचे, कुणाचं काही राहिलं तर नाही ना. आणि चार माणसं जमली की मोजायचे. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत, ओठ न हलवता. लग्नात ते असे मोजायला लागले की मंदाकाकू, त्यांच्या पत्नी, मला कोपरानं ढोसून म्हणायच्या, "बघ, पंगत मोजताहेत. आचाऱ्याला नाही पडलेली तेवढी ह्यांना."

हे सगळं गमतीत निघून जायचं. न जाणारी एकच गोष्ट होती, ती बसण्याची. काका कुणालाही कधी 'जरा सरका' म्हणायचे नाहीत. सोसायटीची सभा पार्किंगमध्ये व्हायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी आणि भांडणारे जास्त. तिथं एखाद्यानं शेजारच्या खुर्चीवर फाइल ठेवलेली असायची, ती उचला म्हणायला काय हरकत आहे? पण काका दीड तास खांबाला टेकून उभे. बसमध्ये कॉलेजची पोरं उठून जागा द्यायची, तर म्हणायचे, "आपण बसा. आपलंही तिकीट आहे." एकदा आम्ही तिघं नाटकाला गेलो होतो. काकांच्या खुर्चीत एक गृहस्थ चुकून बसले होते. मी त्यांना उठवायला पुढं झाले, तर काकांनी माझा हात धरला. पहिलाच अंक म्हणाले, मी दाराशी उभा राहतो. आणि उभे राहिले, तिकीट हातात धरून. मंदाकाकूंचा पहिला अंक नाटकाकडं बघण्याऐवजी दाराकडं बघण्यात गेला. "ह्यांना एकदा कुणीतरी खुर्चीला बांधून ठेवा हो," त्या मध्यंतरात म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, चिडल्यात.

आणखी एक नेम होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काका बसनं स्वारगेटला जायचे. दुपारी जेवायला परत. पिशवी रिकामी. विचारलं तर म्हणायचे, "सहज. पाय मोकळे करून आलो." पाय मोकळे करायला विश्रांतवाडीत रस्ते कमी पडले होते का, असं मी एकदा म्हटलंही. ते हसले.

त्यांच्या विमानाचं अपहरण झालं होतं, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ते तिशीत असताना. विमान परदेशातल्या एका लहान विमानतळावर अख्खा दिवस आणि अख्खी रात्र उभं होतं. एका प्रवाशाला अपहरणकर्त्यांनी पुढच्या दाराशी नेऊन गोळी घातली, बाकीचे सुटले. सोसायटीत नवं कुणी आलं की 'हायजॅकवाले काका' अशी ओळख करून दिली जायची. मग तो नवा माणूस डोळे मोठे करून विचारायचा, आणि काका ठरलेली दोन वाक्यं बोलायचे: "हो, होतो मी. सगळे घाबरले होते, मीही घाबरलो होतो." तिसरं वाक्य कधी आलं नाही.

ते माझ्यामुळं आलं. मी सिनेमाचे सेट सजवते, म्हणजे एखादं घर दाखवायचं तर त्यातलं कॅलेंडर, डबे, पायपुसणं हे सगळं मी जमवते. समीर नावाच्या एका तरुण दिग्दर्शकानं मला बोलावलं आणि सांगितलं की तो याच अपहरणावर हिंदी सिनेमा करतोय. मी उत्साहाच्या भरात म्हणाले, त्यातले परसर माझ्याच जिन्यात राहतात. समीरनं दुसऱ्या दिवशी काकांचं घर गाठलं. काका नको म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी समीरला एकच विचारलं, "सगळं जसं झालं तसं दाखवणार?"

"हंड्रेड पर्सेंट, काका."

"मग येतो," काका म्हणाले.

कात्रजच्या पुढं एका गोडाउनमध्ये आम्ही विमान उभं केलं. भंगारातून आणलेल्या खुर्च्या, वर सामानाचे कप्पे, अर्ध्या खिडक्या खऱ्या, अर्ध्या प्लायवूडच्या. काका रोज यायचे. परसर झालेल्या नटाला त्यांनी चालायला शिकवलं: दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांच्या पाठींना बोटं लागतील पण माणसाला लागणार नाहीत असं. त्याला कप्प्याचं दार तळव्यानं दाबायला आणि दोन बोटांनी ओढायला लावलं. ते कडक होते. मी हौसेनं एक ट्रे भरून नारंगी टॉफ्या आणल्या होत्या, त्या काळी विमानात शिरताना द्यायचे तशा. पडद्यावर तो रंग फार छान दिसला असता. काकांनी ट्रे बघितला आणि मान हलवली.

"त्या दिवशी टॉफ्या नव्हत्या. खालून चढवायच्या राहिल्या. मी दारात रिकाम्या हातानं नमस्कार करत उभा होतो."

"काका, पण दिसायला किती छान आहे."

"छान आहे. पण नव्हतं ना."

मी ट्रे उचलला. टॉफ्या पुढं महिनाभर आमच्या सुतारांनी खाल्ल्या.

काका सगळीकडं फिरायचे, पण चौथ्या रांगेपाशी आले की त्यांची पावलं भराभर पडायची. हे माझ्या लक्षात आलं होतं. तपशील बघणं हाच माझा धंदा. पण मी विचारलं नाही.

मग त्या प्रवाशाचा प्रसंग आला. ज्याला मारलं तो. पुण्याचाच होता, विजय देशमाने, कसल्याशा मशीनचे सुटे भाग विकायचा. सिनेमात त्याचं काम एका जाड्या, विनोदी नटाला दिलं होतं. प्रसंग असा होता: त्याची जागा अठराव्या रांगेत. तो चढल्याचढल्या पुढची चांगली जागा हेरतो, धक्काबुक्की करतो, 'आपुन तो आगे बैठेगा' असं काहीतरी बोलतो आणि चौथ्या रांगेत कडेला, मधल्या वाटेलगत, ऐसपैस बसतो. हसू येईल असं. आणि तासाभरानं अपहरणकर्त्यांना, धमकी खरी आहे हे दाखवायला, एक माणूस हवा असतो, तेव्हा ते पुढं हाताशी बसलेल्या नेमक्या त्यालाच उचलतात. समीरच्या मते हा सिनेमातला सगळ्यात ताकदीचा भाग होता. आधी हसवायचं, मग गोठवायचं.

पहिला टेक झाला. सगळे हसले. काका म्हणाले, "असं नाही झालं."

समीर म्हणाला, "काका, हे त्यांच्या वाइफनीच सांगितलंय. त्या वेळच्या पेपरातही आहे."

"त्यांना माहीत नाही. ते पुढं गेले नाहीत. मी पाठवलं."

समीरनं काकांना बाजूला नेलं. मी जवळच उभी होते. काकांनी त्याला सांगितलं आणि तो ऐकून घेत होता, हे मी कबूल करते. वाईट मुलगा नव्हता. पण शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही पिक्चरचे हिरो आहात. इंटरव्हलच्या आधी हिरोमुळं माणूस मेला, हे ऑडियन्स घेणार नाही. ट्राय टु अंडरस्टँड."

"पण झालंय तसंच."

"झालं असेल. पण पिक्चरमध्ये ते बसत नाही."

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा काका सेटवर अठराव्या रांगेत, खिडकीशी जाऊन बसले. मी शेजारी बसले. त्यांनी पुढं बघतच बोलायला सुरुवात केली.

त्या दिवशी अठराव्या रांगेत एक पाच-सहा वर्षांची मुलगी एकटी बसली होती, आणि तिची आई चौथ्या रांगेत कडेला. जागा देताना खालच्या माणसांनी गोंधळ केला होता. अशा वेळी परसरनं कुणाला तरी विनंती करायची, हे रोजचंच काम. काका मुलीशेजारच्या प्रवाशाकडं गेले आणि रोजचं वाक्य म्हणाले: "साहेब, आपल्याला थोडा त्रास देऊ का?"

"दिवसातून दहादा म्हणायचो हे वाक्य," काका म्हणाले. "माझ्या वडिलांना लहानपणी गावात भर पंगतीतून उठवलं होतं. पानावर बसलेला मुलगा. छप्पन साली ते नागपूरला जाऊन आले, बौद्ध झाले, खडकीला कारखान्यात लागले, पण ते उठवलेलं काही विसरले नाहीत. मला नोकरी लागली तेव्हा म्हणाले, तू लोकांना बसव. बसलेल्याला उठवू नको. मी हसलो. म्हटलं, दादा, हे तसलं उठवणं नाही. हे विनंती करून असतं." त्यांनी खिडकीचं प्लायवूड तळव्यानं दाबून बघितलं. "चौकशी झाली तेव्हा मला विचारलं, ते लोक किती होते, हत्यारं कसली होती. जागा कुणी बदलली हे कुणी विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला काय माहीत होतं पुढं काय होणार?"

"नव्हतं माहीत. पण त्यांना उचललं ना, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी काही बोलेन म्हणून बघितलं. तिथं त्यांच्या ओळखीचा मीच होतो ना." काकांनी समोरच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. "मी बोललो नाही."

मला रडू आलं. काकांनी खिशातून घडी केलेला रुमाल काढून मला दिला. परसरच्या सवयीनं, कोपरा माझ्याकडं करून.

मग त्यांनी पहिल्या रविवारचंही सांगितलं. देशमाने बाई बिबवेवाडीत राहतात. पत्ता पहिल्यापासून पाठ. काका स्वारगेटला बस बदलून बिबवेवाडीच्या चौकापर्यंत जायचे आणि तिथून परत फिरायचे. कितीतरी वर्षं. "आता सिनेमा येणार. सगळं गाव देशमान्यांना हसणार. त्याच्या आत बाईंना सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "आपण माझ्याबरोबर याल का? चौकाच्या पुढं मला एकट्याला जमत नाही."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. तळमजल्यावरचं घर, बाहेरच्या खोलीत शिलाईचं मशीन, भिंतीला पिको-फॉलला आलेल्या साड्यांच्या पिशव्या लटकवलेल्या. देशमाने बाई सत्तरीच्या, बारीक, चष्मा नाकावर. काकांनी नाव सांगितलं तशी त्यांनी चष्मा वर केला.

"तुम्ही त्या विमानातले. पेपरात फोटो होता. बसा."

काका उभेच.

"अहो बसा. मान वर करून बोलवत नाही मला."

काका स्टुलाच्या कडेवर बसले. बाईंनी मशीन पुन्हा चालू केलं. सिनेमाचं त्यांना ठाऊक होतं, दोन मुलं येऊन विचारून गेली होती. "सांगितलं मी खरं ते. तिकीट अठरा नंबरचं, माणूस सापडला चार नंबरला. लग्नाच्या पंगतीत पहिले हे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकायचे. रेशनच्या रांगेत घुसायचे. विमानात तरी गप बसावं की नाही? पुढं पुढं करायची खोड नडली."

"ते गेले नाहीत, बाई. मी पाठवलं."

काका सगळं सांगत गेले. हिशेबानं, क्रमानं, जसं त्यांनी चौकशीत सांगायला हवं होतं तसं. मशीन केव्हा थांबलं ते मला कळलं नाही.

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

"म्हणाले, त्यात काय विचारायचं? पोरीला आई नको का? आणि बॅग घेऊन उठले."

"लगेच?"

"लगेच."

"कुरकुर नाही केली?"

"नाही."

"घरात तांब्या सरकवा म्हटलं तरी कुरकुर करायचे." बाईंच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते मध्येच मोडलं. "आणि ती पोरगी?"

"सुखरूप सुटली. आईसुद्धा."

बाईंनी सुईखालची साडी काढून बाजूला ठेवली. नीट घडी केली. मग त्या जे बोलल्या त्यात आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

"अतुल चार वर्षांचा होता. शाळेत बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, तर मी भांडून मागं बसवायला लावलं. नाटकात घेतलं, मी नको म्हटलं. ऑफिसात बढती आली, तर मी म्हटलं, पुढं पुढं करू नको, बापाचं काय झालं बघितलंस ना. आज केस पिकलेत त्याचे. दुकानात गेला तर चार जणांना पुढं सोडतो आणि मग सामान घेतो. आणि मी ह्यांच्या फोटोला हार घालताना दर वर्षी शिव्या घातल्यात. तुम्ही एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. दोन ओळींचं."

"हो," काका म्हणाले.

"हो काय?"

"चूक झाली. जागा बदलली ती नाही, ते माझं काम होतं. सांगितलं नाही, ती."

"चौकापर्यंत येत होता म्हणता."

"हो."

"चौकापासून चार मिनिटं आहे हे घर." बाईंनी चष्मा काढला. "जा आता."

काका उठले. दाराशी वळून स्टुलावर, स्टुलाखाली नजर टाकली, सवयीनं. मला त्या क्षणी देशमाने बाईंचा राग आला नाही आणि काकांची बाजूही घ्यावीशी वाटली नाही. मी दोघांनाही बघत होते, एवढंच आठवतं.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो, तर मागून हाक आली. अतुल. आतल्या खोलीत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. टक्कल पडायला लागलेला, संकोची माणूस. एक मोटारसायकल जायची होती म्हणून तो आधी भिंतीला चिकटून थांबला, आणि मग आमच्यापाशी आला.

"काका, बाबा अजून काय बोलले तुमच्याशी?"

काकांनी सांगितलं. पाणी मागितलं होतं. उतरायला किती वाजतील ते विचारलं होतं. पुढं जाताना वळून त्या मुलीचा पट्टा नीट लावून दिला होता. अतुल एकेक गोष्ट ऐकून मान हलवत होता.

"अजून?"

काका घुटमळले. जे उरलं होतं ते मला माहीत होतं. दाराशी नेताना वळून बघितलेलं. काका म्हणाले, "आठवलं की सांगतो."

"मी रविवारी घरी असतो," अतुल म्हणाला.

घरी आल्यावर काकांनी मंदाकाकूंनाही सगळं सांगितलं. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतं, तर मी गेले असते गं बिबवेवाडीला. पहिल्याच वर्षी गेले असते." आणि पदरानं डोळे पुसून, कुकरची तिसरी शिट्टी ऐकू आली म्हणून उठून गेल्या.

सिनेमा आला. पुण्यात आमच्यासाठी एक खास खेळ ठेवला होता. देशमाने बाई आल्या नाहीत, अतुल आला. काका आणि तो शेजारी बसले, मी त्यांच्या मागच्या रांगेत. तो प्रसंग आला. जाड्या नटानं धक्के मारले, पुढची जागा पटकावली, 'आपुन तो आगे बैठेगा' म्हणाला आणि थिएटर खदखदून हसलं. माझ्या शेजारचा कॅमेरावाला मांडीवर थाप मारून हसला. अंधारात मला काकांचं डोकं अतुलच्या कानाकडं झुकलेलं दिसलं. ते हळू आवाजात सांगत होते, मला शब्द ऐकू आले: "नाही. मी विचारलं. ते म्हणाले, त्यात काय विचारायचं." हसू ओसरेपर्यंत ते तेच पुन्हापुन्हा सांगत होते. खेळ संपल्यावर लोक काकांबरोबर फोटो काढायला आले. काका सगळ्यांसाठी उभे राहिले, आणि थिएटरमधून सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. परसर शेवटीच उतरतो.

त्यानंतर पहिल्या रविवारी काका चौकाच्या पुढं जायला लागले. बाई त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. मशीन चालू ठेवायच्या, पण चहा दोन कप करायच्या. अतुल समोर बसायचा आणि विचारायचा. बाबा पुढं गेल्यावर खिडकीबाहेर बघत होते का? झोपले होते का? घरचं काही बोलले का? मला एकदा जिन्यात काका भेटले, कुत्र्याच्या अलीकडं उभे. म्हणाले, "मॅडम, माझी आणि देशमान्यांची ओळख सगळी मिळून पाच मिनिटांची. ती मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगून टाकली. तो मात्र दर महिन्याला वाट बघत असतो."

सिनेमाच्या धंद्यात जागा मोकळी दिसली की आम्ही काहीतरी आणून ठेवतो. हे मी त्यांना म्हटलं नाही.

काकांना मी शेवटचं बघितलं ते विश्रांतवाडीच्या बसथांब्यावर. पहिलाच रविवार होता. इस्त्रीचा शर्ट, भांग, हातात रिकामी पिशवी. प्रकृती उतरली होती, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल दिसत होती. मी रिक्षाची वाट बघत होते. इकडचंतिकडचं बोलणं झालं. मग ते अचानक म्हणाले, "मॅडम, आपण सेटवर त्या टॉफ्या आणल्या होत्या ना?"

"हो. तुम्ही काढायला लावल्या त्या."

"कुठल्या रंगाच्या होत्या?"

"नारंगी. का हो?"

"काही नाही," ते म्हणाले. एवढ्यात बस आली. ते चढले. आत जागा होती, मला खिडकीतून दोन रिकाम्या खुर्च्या दिसल्या. काका दांडा धरून उभे राहिले आणि बस आळंदी रोडनं स्वारगेटच्या दिशेनं निघून गेली.

पंधरा दिवसांनी ते गेले. झोपेत. मंदाकाकूंना सकाळी चहाला हाक मारल्यावर कळलं.

पार्किंगमध्ये बुद्धवंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतली आळीतली माणसं, सोसायटीची माणसं, विमान कंपनीतले दोघं-तिघं म्हातारे. खुर्च्या त्या दिवशीही कमीच पडल्या. अतुल आला होता, सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून. देशमाने बाई आल्या नव्हत्या, पण त्यांनी त्याच्याबरोबर पांढऱ्या फुलांचा हार पाठवला होता. लोक पांगायला लागल्यावर तो माझ्याजवळ आला.

"गेल्या वेळी काकांना एक नवीन आठवलं होतं," तो म्हणाला. "बाबांनी विमानात चढताना ट्रेमधून दोन टॉफ्या उचलल्या. एक खाल्ली नाही, खिशात ठेवली. म्हणाले, घरी मुलगा आहे चार वर्षांचा. नारंगी रंगाची होती." तो माझ्याकडं बघत होता, आणि या माणसाच्या तोंडावर मी पहिल्यांदाच इतका उघडा आनंद बघत होते. "आईला सांगितलं तर तिनं मशीन थांबवलं. तुम्हाला सांगितलं होतं का काकांनी हे?"

"हो," मी म्हटलं. "नारंगीच होती."